पेंढ्याची चुंबळ

माझं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प एक. आमच्या गल्लीत मराठी बिऱ्हाडं नावाला, बाकी सगळे सिंधी. शेजारच्या चाचांचं कटपीसचं दुकान होतं आणि त्यांच्या ओट्यावर बसून मी पाढे पाठ केले. त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'आणी', समोरच्यांच्या 'आणी', मागच्यांच्याही 'आणी'. एकदा मी विचारलं, "चाचा, तुम्ही सगळे एकमेकांचे नातेवाईक काय हो?" चाचा पोट धरून हसले. म्हणाले, "अरे नहीं बेटा. पणजोबाचं नाव घ्यायचं, त्याच्या मागे आणी लावायचं. म्हणजे त्याची पोरं. गाव तर उधरच राहिलं. गाव काय डोक्यावर घेऊन येणार? माणसाचं नाव आणलं, बस."

लग्न झालं आणि मी 'कर'वाल्यांच्या घरात आले. इथे सगळं उलटं. जुन्या माणसांची नावं कुणी काढायची नाहीत, पण गावाचं नाव उठता-बसता. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अंबरनाथच्या मोठ्या कारखान्यातून फोरमन होऊन रिटायर झाले. क्वार्टरच्या दाराला त्यांनी आडनावाची पितळी पाटी लावली होती. पुढे बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा टेम्पोत ती पाटी आबांच्या मांडीवर आणि देव मागे गोणपाटात. घरात पाण्याचा पेला स्वतः उचलून घ्यायचे नाहीत, पण दर रविवारी ती पाटी चिंच लावून घासायची ती त्यांनीच. दारात आलेल्या माणसाला, मग तो सिलिंडरवाला का असेना, पाटीकडे बोट दाखवून सांगायचे, "मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी गाव आहे आमचं. देवाच्या पालखीला आमच्या घराण्याचा खांदा असतो."

मी तोंडाची फटकळ. कॅम्पात वाढलेली, भाजीवाल्याशी घासाघीस करत मोठी झालेली. मी विचारायचेच, "मग जत्रेला जात का नाही, आबा?" नोकरीत होते तोवर सुट्टी मिळत नव्हती. रिटायर झाल्यावर गुडघे दुखायला लागले. वर्षाला एक नारळ मात्र कुणाच्या तरी हाती न चुकता जायचा. "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!" मी म्हणायचे. सासूबाई माझ्या दंडाला चिमटा काढून मला स्वयंपाकघरात न्यायच्या. "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये गं बाई," एवढंच म्हणायच्या. मला वाटायचं, जुनी बाई, जुनी म्हण.

माझ्या लग्नातली एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिच्यावरच सगळं येऊन ठेपलं. आमच्यात लग्नाआधी देवक बसवतात. देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचा वड, कुणाचा उंबर. सासरचं कळंब. मांडवाच्या मेढीला कळंबाची डहाळी बांधायची, तिच्यापाशी पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि पूजा करायची. ज्यांचं देवक एक, ते एका कुळातले. त्यांची पोरं एकमेकांची भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं.

लग्न लागून मी क्वार्टरवर आले आणि देवक उठवायची वेळ झाली. बघते तर घटाखाली तांदळाची रास नाही, पेंढ्याची चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवायला बाया वळतात ना, ती गोल वळी. भाताच्या पेंढ्याची, ताजी, अजून हिरवट वास येत असलेली. नवी नवरी असले म्हणून काय झालं, मी विचारलंच. सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात असंच असतं." मी म्हटलं, "का पण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाठमोऱ्या बसलेल्या आबांकडे बघितलं. "तुझ्या लेकीच्या लग्नात सांगेन," म्हणाल्या. माझ्या लेकीचं लग्न बघायला त्या काही राहिल्या नाहीत.

लेक आता कल्याणला बँकेत आहे. तिनं स्वतः ठरवलं आणि आम्हाला येऊन सांगितलं. मुलगा शिरगावचा, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. घर मूळचं शेतकऱ्यांचं. त्यांच्या शेतात आता बिल्डिंगा उभ्या आहेत, तरी मागच्या तुकड्यात अजून भात लावतात. मुलाचे वडील लवकर गेले, थोरल्या काकांनी त्याला वाढवलं. आडनाव आमच्याहून वेगळं, जात एक, पोरगा शांत. आबांना तर तो इतका आवडला की पहिल्याच भेटीत पाटी दाखवून झाली. म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

बोलणी करायला काका आले, सोबत मुलगा आणि त्याची आई. काका उंच, धोतरातले, आवाज दणदणीत. त्यांच्याकडे अशी रीत आहे की सोयरीक पक्की होईतो मुलीच्या घरचं तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पक्की झाली की पहिला घोट थोरल्यानं घ्यायचा. म्हणून चहाचे कप भरून ठेवले होते आणि सगळे हसत होते की बोला लवकर, चहावर साय धरतेय. तारखा निघाल्या, हॉल निघाला. शेवटी काकांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "तुमचं देवक कुठलं?"

"कळंब!" आबा छाती काढून म्हणाले.

काकांनी मांडीवरचा हात उचलला तो तसाच राहिला. "कळंब? आमचंही कळंब." मग हळूच विचारलं, "मूळ गाव?" आबांनी गावाचं नाव सांगितलं. काका म्हणाले, "माझ्या पणजोबांनी ते गाव सोडलं. इकडे येऊन आम्ही घराण्याकडे असलेल्या पदाचं नाव आडनाव म्हणून लावलं. त्याआधी आमचंही आडनाव तुमचंच."

मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. माझे यजमान, जे एरवी टीव्हीवरच्या बातम्यांशीसुद्धा भांडतात, ते मूग गिळून बसले. मला तर वाटलं, हे काय नसतं झंझट! दोन वेगळी आडनावं, दोन वेगळी घरं, कधी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि एका क्षणात पोरं बहीणभाऊ झाली?

काका उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना खाष्ट समजाल. "ताई," मला म्हणाले, "एका आडनावाची दोन वेगळी घराणी एका गावात असतात. तुम्ही शोध घ्या. तुमचं घर वेगळं निघालं तर हळदीत मी पहिला नाचेन. पण एका कुळातली पोरं मी बोहल्यावर नाही चढवणार." चहा तसाच राहिला. ते गेल्यावर मी कप एकेक करून मोरीत ओतले.

मी लेकीला म्हटलं, "चूल्हे में गया देवक. कोर्टात जा, सही करा, मोकळे व्हा. बिंदास. मी येते साक्षीला." ती रडत नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. म्हणाली, "आई, सही करून तो मिळेल. पण त्याला ज्यांनी वाढवलं, त्यांच्यासमोर आम्ही मान वर करून बसू शकणार नाही. तो रोज झुरेल. मला तसा नको." आता अशा पोरीला काय म्हणावं? मी तिला जवळ घेतलं आणि मीच रडले.

म्हणून गावाला जायचं ठरलं. आबांना म्हटलं, तुम्ही चला, तुम्हाला घरं-दारं माहीत आहेत. "गुडघे," ते म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून, "कशाला उकरता? जे आहे ते आहे." माझा पारा असा चढला म्हणून सांगू! "नातीचं लग्न मोडतंय आबा, आणि तुम्ही जे आहे ते आहे म्हणता? पाटी घासायला गुडघे दुखत नाहीत ते?" यजमानांनी मला खुणावलं. आबा उलटून बोलले नाहीत. एरवी एका शब्दाला दहा सुनावणारा माणूस, गप्प बसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

भातं कापून झाली होती, झोडणी चालू होती. मुरबाड मागं पडलं तसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या कुंपणभिंती दिसायला लागल्या. गावात आमच्या आडनावाचं एक घर उरलं होतं, त्यालाही कुलूप. देवळाच्या पायरीवर गुरवाची म्हातारी आई वाती वळत बसली होती. यजमानांनी वाकून नमस्कार केला आणि आडनाव सांगितलं. म्हातारीनं वर बघितलं. "त्या आडनावाची लय घरं होती," म्हणाली. "तुम्ही कुठली? खालच्या आळीची का वरल्या आळीची?" यजमानांना काही माहीत नव्हतं. त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं. म्हातारीचे वाती वळणारे हात थांबले.

"म्हंजे तुम्ही चुंबळीवाले."

मला माझ्या लग्नातला तो देवकाचा घट आठवला. यजमानांना त्या शब्दाचं काहीच वाटलं नाही. त्यांनी आयुष्यात कधी देवकाच्या घटाखाली बघितलेलं नव्हतं. पुरुष तिथं वरची डहाळी बघतात. मी म्हातारीच्या शेजारी बसले. "आजी, चुंबळीवाले का म्हणतात?"

तिनं आढेवेढे घेतले. मग माझ्या लेकीच्या लग्नाचं ऐकल्यावर सांगितलं. तिनं ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. खालच्या आळीत एक विधवा बाई होती, मूल ना बाळ. एका वर्षी घाटावरून माणसं खाली उतरत होती, दुष्काळ होता का साथ होती, ते तिला ठाऊक नाही. ती बाई शेतावरून परत येत होती. वाटेत झाडाखाली एक पोर रडत बसलेलं, जवळ कोणी नाही. चालून चालून त्याचे पाय फुटले होते. तिनं डोक्यावरच्या पाटीतला चारा टाकून दिला, पोराला पाटीत बसवलं आणि डोक्यावर घेऊन गावात आली. "चुंबळ पडली व्हती म्हनं वाटंत कुठं. तर तिनं खळ्यातला पेंढा घ्यातला आनि तिथंच वळली," म्हातारी म्हणाली. "भावकीनं लय तमाशा केला. कुनाचं पोर, कुठल्या जातीचं! ती म्हनली, माज्या डोक्यावर बसून आलाय, आता खाली नाय उतरवायची. नवऱ्याचं नाव दिलं, आडनाव दिलं, जमिनीचा तुकडा दिला. तो तुमचा मूळपुरुष."

"त्या बाईचं नाव काय?" मी विचारलं.

म्हातारीनं मान हलवली. "समदी तिला काकी म्हनायची. नाव कोनाला ठावं?"

यजमान पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपलं देवक कळंब नाही. आपण त्यांच्या कुळाचे नाही." मी म्हटलं, "मग झालं की! लग्नाला अडचण उरली नाही." ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, आपण त्यांचे म्हणावं तर पोरं भावंडं. त्यांचे नाही म्हणावं तर काका विचारतील, मग कुणाचे? काय सांगणार? झाडाखाली सापडलेल्या पोराचे? कूळ माहीत नाही, जात माहीत नाही? आणि हे आबांना कोण सांगणार?" धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली.

निघताना म्हातारी आत गेली आणि पेंढ्याची एक जुडी घेऊन आली. "लग्नाला लागंल," म्हणाली. मी ती पिशवीत घातली.

येताना ठरवलं होतं की आबांना एवढ्यात काही सांगायचं नाही. मी दारातून आत आले तेव्हा ते सोफ्यावर होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पिशवीतून वर आलेल्या पेंढ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कोण भेटलं?"

"गुरवाची म्हातारी."

"हं," ते म्हणाले. मला कळलं की त्यांना माहीत आहे. आज नाही, पहिल्यापासून माहीत आहे. माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं! इतकी वर्षं आम्हाला गावाच्या गप्पा ऐकवल्यात, नात आठवडाभर जेवली नाही तेही बघितलंत, आणि एक शब्द तोंडातून काढला नाहीत? पण त्यांचा चेहरा बघून मी ते सगळं गिळलं. पाण्याचा पेला आणून हातात दिला. पाणी पिऊन ते म्हणाले, "तुझी सासू वळायची ती चुंबळ. मी तिला दरडावलं होतं, हे थेर नकोत म्हणून. तिनं ऐकलं नाही. तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. बायांनी धरून ठेवलं ते." आणि मग, "त्या शिरगाववाल्यांना बोलवा."

"आबा, तुम्ही सांगणार असाल तर नीट विचार करा," यजमान म्हणाले. "तरीही ते नाही म्हणू शकतात. मग लग्नही जाईल आणि..."

"आणि पाटीही. कळतंय मला."

काका भावजयीला घेऊन आले. पुन्हा चहाचे कप भरले, पुन्हा कुणी हात लावला नाही. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकांनी विचारलं, "लागला काही पत्ता?" यजमानांनी तोंड उघडलं, पण आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी तरणा होतो," आबा म्हणाले, "नुकता कारखान्यात लागलो होतो. पहिल्या पगाराची नवी पँट घालून जत्रेला गेलो. वडील नको म्हणत होते. पालखी उठली तशी मी जाऊन दांडीला खांदा लावला. एकानं माझा हात धरला, धक्का नाही मारला हो, नुसता धरला, आणि बाजूला केलं. म्हणाला, तुमचा खांदा नाही. तुम्ही चुंबळीवाले. मला काही कळेना. घरी येऊन आईला विचारलं, तिनं सांगितलं. त्यानंतर मी गावात पाऊल टाकलं नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही. पालखीला आमचा खांदा असतो म्हणून सांगत राहिलो. इतकी वर्षं सांगितलं की पुढे पुढे मलाच खरं वाटायला लागलं."

मग त्यांनी त्या बाईची गोष्ट सांगितली, सगळी. पाटी, पोर, पेंढा. लेक त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती. शेवटी ते म्हणाले, "माझा आजा त्या पाटीत आला. कळंब आमचं नाही. ते तुमचं. आम्ही तुमच्या कुळाचे नाही. आता तुम्ही विचाराल, मग कुणाचे? मला माहीत नाही. त्या बाईपासून पुढचं माहीत आहे, मागचं नाही. एवढं ऐकून नको म्हणालात तरी मी राग धरणार नाही. पण ही पोरं भावंडं नाहीत, हे मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं."

काकांची भावजय, मुलाची आई, त्यांच्याकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, हा माणूस आता उठला तर मी दार अडवून उभी राहीन, मग काय व्हायचं ते होऊ दे.

"त्या पालखीला दर वर्षी मी खांदा देतो," काका म्हणाले. "चुंबळीवाले कोण, हे मी कधी विचारलं नाही. वाटलं, असतील कुणी." मग मान वर केली. "आबा, पोर डोक्यावर घेऊन आली ती बाई आमच्याच घरातली. तिनं विचारलं नाही पोर कुणाचं. मग मी कोण विचारणारा?"

ते माझ्याकडे वळले. "ताई, चहा राहू दे. पाणी आणा."

मी तांब्याभर पाणी आणलं. काकांनी दोन घोट घेतले आणि तांब्या आबांपुढे धरला. "आजवर तुम्ही आमची भावकी होता म्हणे," ते म्हणाले. "आजपासून व्याही." आबांनी तांब्या घेतला. ते हसले, पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला माहीत आहे, त्या क्षणी त्यांचं गाव कायमचं सुटलं. लेकीचं लग्न जुळलं याचा आनंद एका डोळ्यात आणि दुसऱ्या डोळ्यात हे. मला दोन्हीसाठी रडू आलं.

त्यानंतरच्या रविवारी आबांनी पाटी घासली नाही. मी मुद्दाम चिंच भिजवून ठेवली होती. ते तिच्याकडे बघून आत निघून गेले.

हळदीचा दिवस आला. बिल्डिंगच्या आवारात मांडव घातला. कळंबाची डहाळी आणायची नाही, हे ठरलेलंच होतं. मी पेंढ्याची जुडी घेऊन बसले तर आबा खुर्चीवरून उठले आणि गुडघे धरत, आई गं करत, माझ्यासमोर जमिनीवर बसले. "दे इकडं," म्हणाले. आयुष्यात कधी पेला न उचललेला माणूस! पहिला वेढा सुटला, दुसरा सुटला. मी म्हटलं, "आबा, पीळ उलटा घालताय. फोरमन होतात ना?" "तू गप बस," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकून मला बरं वाटलं. शेवटी जमली. वेडीवाकडी, एका बाजूला जाड, पण घट तिच्यावर नीट बसला.

भटजी आले. देवक बसवताना पूर्वजांची नावं घेऊन त्यांना बोलवायचं असतं. भटजींनी विचारलं, "आबा, तुमच्या वडिलांचं नाव?" आबांनी सांगितलं. "आजोबांचं?" त्या बाईनं त्या पोराला दिलेलं नाव आबांनी सांगितलं. "पणजोबांचं?"

माझ्या लग्नात या जागी त्या बाईच्या नवऱ्याचं नाव घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. आता आबा थांबले. हळद घेऊन शिरगावची मंडळी आली होती, काका मांडवाच्या तोंडाशी उभे होते. सगळे ऐकत होते.

"पणजोबा नाहीत," आबा म्हणाले. "पणजी आहे."

"बरं, त्यांचं नाव?"

आबांचे ओठ नुसतेच हलले. ज्या बाईनं आम्हाला नाव दिलं, तिचं नाव आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी चुंबळीवर हात ठेवला आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"नुसतं आई म्हणा," ते म्हणाले. भटजींनी तसंच म्हटलं.